तुझ्यामुळे आलेले मित्र

“शून्य असेल तर काय दाखवायचं, काका?”

रंगाऱ्याने बसल्या बसल्याच खुर्ची सरकवत काकांच्या टेबलापर्यंत आणली होती. पडद्यावरची चित्रं, बटणं, रंग हे सगळं तो ठरवायचा म्हणून ऑफिसात त्याला रंगारी म्हणत. काकांना काका म्हणत, कारण त्या खोलीत सत्तेचाळीस वर्षांचा माणूस दुसरा नव्हता.

“कुठे शून्य?”

“हे बघा ना. वर लिहिलंय ‘तुझ्यामुळे आलेले मित्र’ आणि खाली हा मोठा आकडा. आता एखाद्याच्या लिंकवरून कोणी आलंच नाही तर? चौकटच लपवू, की शून्य दाखवू?”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच वाजले होते. चौकट लपवायची म्हणजे प्रोग्राममध्ये एक अट लिहायची. चौकट तीन पानांवर होती, म्हणजे तिन्हीकडे लिहायची आणि तिन्हीकडे तपासायची. पंधरा मिनिटांचं काम.

“दाखव शून्य,” ते म्हणाले. “गणिताचं ॲप आहे ना आपलं? शून्य काय, आकडाच आहे तोही.”

रंगारी हसला आणि खुर्चीसकट परत गेला.

ऑफिस एका टायरच्या दुकानावर होतं. खिडकी उघडली की रबराचा वास यायचा आणि बंद ठेवली की घामाचा. तिथे नऊ जण मिळून मुलांसाठी गणिताच्या सरावाचं ॲप चालवत. मालक काकांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्याला सगळे सर म्हणत, काकाही. दोन महिन्यांपूर्वी सरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, “जाहिराती बास झाल्या. आता मुलंच मुलांना आणतील.” प्रत्येक मुलाच्या खात्याला त्याची स्वतःची एक लिंक द्यायची. मुलाने ती मित्रांना पाठवायची. त्या लिंकवरून जो येईल त्याच्या खात्यात कायमची नोंद होणार, हा कोणामुळे आला. जो आणेल त्याला तारा, आणि पाच ताऱ्यांना एक नवा खेळ.

हे सगळं काकांनी एकट्याने बांधलं होतं. बावीस वर्षांत त्यांनी कारखान्याच्या रजेचे अर्ज, कुरियरच्या पावत्या, दवाखान्याच्या रांगेचे नंबर असलं कायकाय लिहिलं होतं. कोणाला त्यांचं नाव माहीत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. पण हे काम त्यांनी मन लावून केलं. जुन्या हजारो खात्यांना आठ अक्षरांचा एकेक कोड दिला. एखादं मूल हाताने उतरवून घेताना चुकेल म्हणून एकसारखी दिसणारी अक्षरं त्यातून वेचून बाहेर काढली. स्वतःच्याच लिंकवरून कोणी स्वतःला आणू शकणार नाही याची तजवीज केली. सगळं चोख होतं.

घरी त्यांची बारा वर्षांची मुलगी होती. सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा जेमतेम सव्वा किलोची. तिच्या आईबरोबर काम करणाऱ्या एका नर्सने तिला बघून “ही तर मुंगी आहे” म्हटलं, आणि तेच नाव राहिलं. आईची बदली झाली तशी वर्षाच्या मध्यावरच मुंगीची शाळाही बदलली. मध्यावर वर्ग भरलेला असतो. नुसता मुलांनी नाही. कोण कोणाशेजारी बसणार, डबा कोण कोणाबरोबर खाणार, हे सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. मुंगीला खिडकीकडचा शेवटचा बाक मिळाला. बाक दोघांचा होता. दुसऱ्या जागेवर ती दप्तर ठेवायची.

पाच महिने झाले तरी दप्तर तिथेच होतं.

मग शाळेने सातवीला काकांच्या कंपनीचं ॲप वापरायला सांगितलं. त्या दिवशी मुंगी घरी आली ती उड्या मारतच. “बाबा, मी सांगितलं पुढच्या बाकावरच्या मुलींना, हे माझ्या बाबांनी केलंय म्हणून!”

“मग काय म्हणाल्या?”

“‘अच्छा’ म्हणाल्या.”

तिने सगळ्यांच्या आधी खातं उघडलं. आईने तिची लिंक वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर टाकली. तासाभराने वर्गाच्या कॅप्टनच्या आईनेही तिच्या मुलीची टाकली. त्या दुसऱ्या लिंकखाली अंगठ्यांची रांग लागली.

पाचव्या दिवशी सकाळी काका बुटाला पॉलिश करत होते. मुंगी दुधाचा पेला घेऊन समोर येऊन उभी राहिली.

“बाबा, माझी लिंक खराब आहे का रे?”

“का गं?”

“कॅप्टनचे अकरा झालेत. बाकीच्यांचे पण दोन, तीन असे आहेत. माझं शून्यच दाखवतंय. बहुतेक तुझ्याकडून काहीतरी चुकलंय.” ती घाईने म्हणाली, “मी कोणाला सांगितलं नाही हं, तुझं चुकलंय म्हणून.”

“बघतो,” काका म्हणाले.

ऑफिसात पोचल्या पोचल्या त्यांनी बघितलं. कोणाची लिंक कधी आणि कुठून उघडली गेली याची नोंद त्यांनीच ठेवायला लावली होती. मुंगीची लिंक पाच दिवसांत एकेचाळीस वेळा उघडली गेली होती. एकेचाळीस! क्षणभर त्यांना खरंच वाटलं की आपलंच काहीतरी चुकलंय. मग त्यांनी पत्ते बघितले. एकेचाळीसपैकी अडतीस वेळा ती त्यांच्याच घरातून उघडली होती. चार वाजून दहा मिनिटं, चार बारा, चार सतरा. शाळेतून आल्यावर, घरी कोणी नसताना, आईच्या जुन्या फोनवरून. चालते की नाही हे ती पुन्हा पुन्हा दाबून बघत होती.

उरलेल्या तीन वेळा वर्गातल्या तिघांनी ती उघडून तशीच बंद केली होती. त्यांतली एक मुलगी बारा मिनिटांनी कॅप्टनच्या लिंकवरून आली होती.

लिंक ठणठणीत होती. काका तो तक्ता बघत कितीतरी वेळ बसून राहिले. शेजारचा म्हणाला, “काका, चहा गार झाला,” तेव्हा त्यांनी पडदा बदलला.

संध्याकाळी मुंगी दारातच उभी होती.

“बघितलंस?”

“बघितलं,” काका म्हणाले. “होती गं जराशी गडबड. केली दुरुस्त.”

“मला वाटलंच!” तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. “मला वाटलंच होतं! म्हणूनच कोणी येत नव्हतं ना? त्यांनी दाबली असणार, पण ती चाललीच नसणार!”

“हो ना,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितलं की माझी लिंक बिघडली होती, आता चालतेय. आईकडे हट्ट धरून ती पुन्हा ग्रुपवर टाकायला लावली. या वेळी खाली कोणी काहीच लिहिलं नाही. नंतरचे तीन दिवस ती रोज सकाळी ते पान उघडायची, बघायची आणि बंद करायची. विचारायची मात्र नाही. तिने विचारलं असतं तर बरं, असं काकांना होऊन गेलं.

ते सरांकडे गेले. “सर, ती चौकट आहे ना, मित्रांची. शून्य असेल तेव्हा लपवली तर? मी आत्ता करून देतो, पंधरा मिनिटांत.”

“का लपवायची?”

“मुलांना वाईट वाटतं.”

“वाटू दे की,” सर फोनमधून मान वर न करता म्हणाले. “वाईट वाटलं की धडपडतात. त्यासाठीच तर आहे ते.”

त्या दुपारी काकांनी चार खाती उघडली. चाचणीसाठी अशी खोटी खाती ते नेहमीच उघडत, त्यात काही विशेष नव्हतं. त्या चौघांच्या नोंदीत ‘कोणामुळे आला’ या रकान्यात त्यांनी मुंगीचा कोड घातला. मुलांचं ॲप म्हणून कोण आलं ते नाव पडद्यावर दिसत नसे, फक्त आकडा दिसे. सगळे एकाच मिनिटाला आलेले दिसू नयेत म्हणून त्यांनी वेळा बदलल्या. एक सकाळचा, एक दुपारचा, दोन आदल्या दिवशीचे. कामात ढिलाई त्यांना कधी जमलीच नव्हती.

“चार!” मुंगी किंचाळली. “आई, चार!”

आई नुकतीच ड्युटीवरून आली होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. मुंगीने तिला तशीच धरून गरागरा फिरवली. कितीतरी महिन्यांनी घरात असा आवाज झाला होता. आई हसत हसत काकांकडे बघत राहिली. काका पाणी प्यायला आत गेले.

दोन दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, मुंगी जमिनीवर पालथी पडून जाड कागद कापत होती. भोवती रंगांचा पसारा.

“हे काय चाललंय?”

“कार्डं करतेय. चार.” तिने मान वर केली नाही. “मी शोधून काढलं कोण आलं ते. नाव दाखवत नाही ना, मग मी विचार केला. एक ती, जिने मला कंपास दिला होता. एक पाण्याच्या रांगेत मला पुढे जाऊ देतो तो. एक माझ्यापुढच्या बाकावरची, ती मागे वळून बघते अधूनमधून. आणि चौथी जरा कठीण होती. पण एक आहे, ती कोणाशीच जास्त बोलत नाही. तीच असणार.”

“कशाला कार्डं, मुंग्या? राहू दे. त्यांना नसेल आवडत असलं.”

“थँक्यू कोणाला आवडत नाही?”

काका दारात उभे होते. सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. आई आत अंघोळ करत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. मुंगीने एका कार्डावर पिवळा रंग लावून ते त्यांच्यासमोर उचलून धरलं.

“छान झालंय,” काका म्हणाले. “कडेला नीट भर.”

शाळेतून फोन आला तो आईला. वर्गशिक्षिकेने जे सांगितलं ते असं. मधल्या सुट्टीत मुंगीने चौघांना कार्डं दिली. कंपासवाली म्हणाली, अगं, मी तर कॅप्टनच्या लिंकवरून आले. रांगेतला मुलगाही तेच म्हणाला. पुढच्या बाकावरच्या मुलीने “मी तुझी लिंक उघडलीच नव्हती” म्हणून कार्ड परत दिलं. चौथीने काही न बोलता ते घेतलं. मग मुलं जमली. कॅप्टनने फळ्यावर हिशोब मांडला. वर्गात चौतीस मुलं, अमकीचे इतके, तमक्याचे इतके. मुंगीचे चार न धरताच बेरीज पुरी झाली.

“मग तुझे चार कोण?” कॅप्टनने विचारलं. तिने ते कुजकेपणाने विचारलं नव्हतं, असं बाई म्हणाल्या. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. उत्तर मागून कोणीतरी दिलं. “तिचे बाबाच तिथे आहेत ना.”

मुंगी बाथरूममध्ये गेली. शाळा सुटेपर्यंत बाहेर आली नाही. शेवटचा तास बाईंनी बाथरूमच्या दाराशी उभ्याने काढला.

काका घरी आले तेव्हा आई ओट्याला टेकून उभी होती. अंगावर अजून नर्सचे कपडे होते.

“तू टाकलेस?”

“हो.”

“आणि आधी लिंक बिघडलीय म्हणालास, ते?”

काकांनी पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला.

“मी रोज माणसांना सांगते अरे,” ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती दर शब्दाला थांबत होती. “रिपोर्ट वाईट आहे, पाय काढावा लागेल, असं तोंडावर सांगते. ती रडतात, मी तिथेच बसते. तुला तेवढं बसवलं नाही तिच्याजवळ?”

“तिचं तोंड बघवत नव्हतं मला.”

“तेच म्हणतेय मी. तुला बघवत नव्हतं.”

मुंगी गणवेशातच पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. काका कडेला टेकले. तिच्या मोज्यांची टाच काळी झाली होती. बाथरूमची फरशी ओली असणार.

“बाबा.”

“हं.”

“लिंक चांगली होती ना? पहिल्यापासून?”

“हो.”

“मला माहीत होतं. मी किती वेळा दाबून बघितली होती.” तिने पाय पोटाशी घेतले. “मग तसंच सांगायचं ना रे. मी दुसरं काहीतरी केलं असतं.”

“काय केलं असतंस?”

तिने बराच विचार केला. “माहीत नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी ती चार खाती काढून टाकली. चार नोंदी काढल्या, असं उत्तर पडद्यावर आलं. तेवढ्यात सरांनी हाक मारली. कोणा पालकाने तक्रार लिहिली होती. राजीनाम्याचं वाक्य मनात जुळवतच काका आत गेले. रंगारी तिथे आधीच बसला होता, त्याच्यासमोर आकडे होते.

“काका, तुम्ही ते चार टाकायच्या आधी तुमची मुलगी दिवसाला किती वेळ ॲपवर असायची?” सरांनी विचारलं.

“माहीत नाही, सर.”

“अकरा मिनिटं. आणि टाकल्यावर? पन्नास.” सर खुर्चीत मागे रेलले. ते अजिबात चिडलेले नव्हते. “ज्यांचं शून्य असतं ती मुलं महिन्याभरात सोडून जातात. तेरा हजार आहेत अशी. तुम्ही एकदम सोल्यूशन काढलंत, काका.”

काकांना आधी कळलंच नाही.

“प्रत्येकाला दोन-तीन द्या. चार नको, चार टाकले म्हणून पकडले गेलात. आणि शाळेच्या वर्गांना हात लावू नका, तिथे मुलं एकमेकांचे मोजतात. घरून एकेकटी आलेली असतात ना, त्यांनाच फक्त.”

“सर,” काका म्हणाले. “ती मुलं शोधतात. कोण आलं असेल ते.”

“शोधू दे ना. तेवढा वेळ ॲपवर राहतील.”

राजीनाम्याचं वाक्य तयारच होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण ही नोकरी मिळायच्या आधी ते चौदा महिने घरी बसून होते. मुलाखतीला गेलं की समोरचं पोरगं जन्मतारीख वाचून नजर खाली घालायचं. ते चौदा महिने त्यांना पुरते आठवले. मग ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि काम सुरू केलं.

दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत झालं. कोणाला दोन, कोणाला तीन, वेळा पुढेमागे. एकही चूक निघाली नाही. आकडे वाढायला लागले तसे काका बघत राहिले. कुठल्या कुठल्या घरांत आत्ता कोणीतरी उडी मारली असेल, आईला हाक मारली असेल. रंगारी जाता जाता त्यांच्या टेबलापाशी थांबला, वाढणारे आकडे बघितले आणि पुढे निघून गेला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात एकदा काकांनी अर्धी रजा टाकली आणि न सांगताच मुंगीला आणायला गेले. एरवी ती बसने यायची. शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, उभ्या गाड्यांच्या आडोशाला ते थांबले. घंटा झाली. मुलं घोळक्या-घोळक्याने बाहेर पडू लागली, ढकलत, ओरडत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून.

मुंगी आत भिंतीजवळ एका गुडघ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होती. एक बांधून झाली. मग तिने दुसऱ्या बुटाची, चांगली बांधलेली, सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. मान खालीच. गर्दी ओसरायची ती वाट बघत होती.

मग तिने वर बघितलं आणि तिला काका दिसले.

ती चटकन उठली. दप्तर खांद्याला लावलं. समोरून पाच-सहा मुलींचा एक घोळका चालला होता. मुंगी भराभर चालत त्यांच्या अगदी मागे गेली, इतकी जवळ की लांबून बघणाऱ्याला ती त्यांच्यातलीच वाटावी. फाटकाशी त्या मुली कोपऱ्याकडे वळल्या. मुंगीने हात उंच केला आणि मोठ्याने म्हणाली, “बाय! उद्या भेटू!”

मुली पुढे गेल्या होत्या. एकीने मागे वळून बघितलं, कोण कोणाला हाक मारतंय म्हणून, आणि ती परत बोलण्यात गुंतली.

मुंगी रस्ता ओलांडून आली. तिला जराशी धाप लागली होती. ती हसत होती.

“मैत्रिणी का?” काकांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “वर्गातल्या.”

काकांनी तिचं दप्तर काढून आपल्या खांद्यावर घेतलं. मुली कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. काकांनीही त्यांच्या दिशेने हात वर केला, आणि त्या वळून दिसेनाशा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.